पेसाखचा स्वयंपाक: हिंगाच्या डबीपासून खजुराच्या शिऱ्यापर्यंत

मार्च लागला की ठाण्याच्या बाजारात बेडगी मिरचीची पोती उघडतात आणि त्याच आठवड्यात आमच्या घरी पेसाखची तयारी सुरू होते. शेजारच्या घरांत वर्षाच्या मसाल्याची लगबग असते, आमच्याकडे आठ दिवसांच्या मसाल्याची. आम्ही कोकणातले बेने इस्राएल यहुदी, आणि पेसाख हा मिसरमधल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामगिरीतून सुटकेच्या आठवणीचा आमचा सण. मराठी बायबलमध्ये या सणाला वल्हांडण म्हटलंय. आमची आजी त्याला ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणायची, म्हणजे आंबटाचं भांडं झाकून ठेवण्याचा सण. कोकणातल्या तेल गाळणाऱ्या आमच्या पूर्वजांनी हिब्रू नाव विसरल्यावरही सण स्वयंपाकघरातून धरून ठेवला, आणि मला वाटतं तो टिकला तो तिथूनच.

हे लिहायचं कारण म्हणजे गेल्या काही वर्षांत नात्यातल्या तीन-चार मुलींनी एकच प्रश्न विचारला: ‘मावशी, सेदरला नक्की काय काय करायचं, कुठून सुरू करायचं?’ सेदर म्हणजे पेसाख लागतो त्या रात्रीचं विधीचं जेवण. त्या मुलींतली एक इस्रायलमध्ये अश्दोदला असते, एक पुण्यात. दोघींना पाककृती हव्या होत्या. पाककृती मी खाली देतेच आहे, पण खरं सांगायचं तर आपल्या पेसाखच्या जेवणात कोकणी स्वयंपाकाला अनोळखी असं फार थोडं आहे. भात, नारळाचं दूध, हिरवं वाटण, मासे, तांदळाच्या भाकऱ्या. हे सगळं येतंच. अवघड आहे ते त्याच्या आधीचं काम आणि त्या कामाचा क्रम. म्हणून मी क्रमानेच सांगते.

तारीख आणि नियम, थोडक्यात

पेसाख हिब्रू निसान महिन्याच्या १५ तारखेला लागतो, आणि हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होत असल्याने सेदर आदल्या संध्याकाळी. महिना चांद्र, म्हणून रात्र पौर्णिमेची. बहुतेक वर्षी ती आपल्या चैत्र पौर्णिमेच्या आगेमागे येते. २०२५ मध्ये १२ एप्रिलला सकाळी गल्लीत हनुमान जयंती होती आणि रात्री आमचा सेदर. २०२६ मध्ये सेदर १ एप्रिलला आणि हनुमान जयंती दुसऱ्या दिवशी. भारतात सण आठ दिवस आणि सेदर लागोपाठ दोन रात्री, इस्रायलमध्ये सात दिवस आणि सेदर एकच.

या दिवसांत हमेत्स चालत नाही. हमेत्स म्हणजे गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट या पाच धान्यांचं पीठ पाण्यात कालवून १८ मिनिटांहून जास्त तसंच राहिलं तर जे होतं ते. पाव, पोळी, बिस्किटं, शेवया, रव्याचे सगळे प्रकार, बिअर. नुसतं खायचं नाही असं नाही, घरातही ठेवायचं नाही.

तांदूळ आणि डाळी आपल्याकडे चालतात. युरोपातून आलेल्या अश्केनाझी घरांत तांदूळ, डाळ, मका काहीच चालत नाही. इस्रायलमधल्या मुलींनी हे लक्षात ठेवावं. जावई किंवा सून अश्केनाझी घरातली असेल तर तांदळाच्या भाकरीऐवजी बटाटा जास्त करायचा, आणि पाहुणे जेवायला येण्याआधी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून घ्यायचं.

चार आठवडे आधी: मसाला

सगळ्यात आधी मसाला, कारण हमेत्स सगळ्यात जास्त तिथेच लपतं. पाव कोणीही उचलून बाजूला ठेवतो. हिंगाचं काय?

बाजारात मिळणारा बहुतेक सगळा हिंग बांधणीचा असतो. नुसता हिंग इतका उग्र असतो की त्यात गव्हाचं पीठ, डिंक असं काहीतरी मिसळूनच तो विकतात. डबीच्या मागे बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. लग्नानंतरच्या माझ्या दुसऱ्या पेसाखला मी दुपारी चार वाजता डाळीला फोडणी दिली आणि सवयीने हिंगाची चिमूट टाकली. सासूबाईंनी वासावरून ओळखलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावून डबी माझ्यापुढे धरली, मला ती ओळ वाचायला लावली आणि पातेलं उचलून खाली दिलं. डाळ गेली, पातेलंही आठ दिवस बाद झालं. तेव्हापासून आमच्या घरी या आठ दिवसांत हिंग नाही. फोडणी लसणाची.

हिंगासारखीच आणखी ठिकाणं आहेत. मेतकुटात गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीत असतो. सातूच्या पिठात तर गहू किंवा जव हेच मुख्य. वसई-ठाण्याकडच्या ईस्ट इंडियन बॉटल मसाल्यात भाजलेला गहू घालतात. ज्या डंकावर तो कुटतात त्याच डंकावर आपण मिरची दिली तर आपल्या मसाल्यात गहू आलाच. लोणची आणि पापड हिंगामुळे बाद. माल्टचं व्हिनेगर आणि सोया सॉसही बाद.

म्हणून मसाला घरीच. आठ दिवसांना आणि आठ माणसांना फार लागत नाही: पाव किलो बेडगी, ५० ग्रॅम लवंगी मिरची, १०० ग्रॅम धने, २५ ग्रॅम जिरं, १० ग्रॅम मिरी, थोडी दालचिनी, लवंग आणि दोन हळकुंडं. धने-जिरं ताटात पसरून निवडायचं. त्यात गव्हाचा दाणा सापडतो, दर वर्षी एखादा तरी सापडतोच. दोन दिवस कडक ऊन द्यायचं, मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं आणि पेसाखसाठी वेगळ्या ठेवलेल्या मिक्सरच्या भांड्यात दळायचं. हळकुंडं आधी खलबत्त्यात फोडून घ्या, नाहीतर पातं जाईल. नव्या किंवा उकळून वाळवलेल्या काचेच्या बरणीत भरून वर फडकं बांधायचं आणि चिठ्ठी लावायची. चिठ्ठी महत्त्वाची, कारण घरातलं कोणीतरी ती बरणी रोजच्या आमटीला उघडतंच.

तांदूळही याच वेळी. तो तीनदा निवडायचा ही सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या यहुद्यांची पद्धत, आपणही तीच पाळतो. दिवसाउजेडी, पांढऱ्या कापडावर, तीन वेगवेगळ्या वेळा. एकाच बैठकीत तीनदा फिरवलेल्या डोळ्यांना तिसऱ्यांदा काही दिसत नाही. भाकरीच्या पिठासाठी दोन किलो जाडा तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून घरीच दळायचा. गिरणीत देऊ नका. तिथे आधीचं दळण गव्हाचं असतं आणि गिरणीवाला कितीही भला असला तरी जात्यातलं पीठ निघत नाही.

दोन आठवडे आधी: भांडी

आजीच्या वेळी पेसाखच्या आधी कलईवाला अंगणात बसायचा. तांब्या-पितळेची सगळी भांडी त्याच्या भट्टीतून निघायची, आतून चांदीसारखी होऊन. घराला चुना लागायचा. आता ठाण्यात कलईवाला शोधावा लागतो, पण ज्यांच्याकडे तांब्याचं एखादं पातेलं उरलं असेल त्यांनी ते जरूर कलई करून घ्यावं. खजुराचा शिरा त्याच्यात होतो तसा दुसऱ्या कशात होत नाही.

पेसाखसाठी भांड्यांचा वेगळा संच असला तर सोन्याहून पिवळं. नसला तर स्टीलची रोजची भांडी शुद्ध करता येतात: घासून लख्ख करायची, २४ तास वापरायची नाहीत, मग मोठ्या पातेल्यात उसळत्या पाण्यात पूर्ण बुडवून काढायची आणि लगेच गार पाण्यात. मातीची भांडी अशी शुद्ध होत नाहीत, ती गुंडाळून माळ्यावर. नॉनस्टिकही बाजूला. कुकर चालतो, पण त्याची रबरी रिंग नवी घ्या. शेगडीच्या जाळ्या तशाच रिकाम्या, पूर्ण आचेवर पंधरा मिनिटं तापवायच्या. ग्रॅनाइटचा ओटा घासून, वर उकळतं पाणी ओतून, कोरडा करून त्यावर फॉइल.

पोळपाट, लाटणं आणि पोळीचा तवा यांच्याबद्दल मात्र तडजोड नको. वर्षभर कणीक खाल्लेलं लाकूड काही केल्या स्वच्छ होत नाही. भाकरीसाठी नवा लोखंडी तवा घ्या आणि परात वेगळी ठेवा. खवणी, विळी नुसती नारळाला आणि भाजीला वापरली असेल तर धुऊन उकळलेली पुरते. शंका असेल त्या वस्तूबद्दल आपल्या सिनेगॉगच्या (प्रार्थनागृहाच्या) हजानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारा. मी घरातली रीत सांगते आहे, धर्मशास्त्राचा निवाडा त्यांचा.

मत्सा

मत्सा म्हणजे न आंबवलेल्या कणकेची पातळ, कडक भाकरी. बहुतेक जण आता सिनेगॉगमधून आलेले तिचे पुडेच वापरतात आणि सेदरच्या ताटातल्या तीन मत्सांसाठी मी तेच सुचवेन. कारण पिठात आहे. गिरण्यांमध्ये गहू दळण्याआधी ओलवतात, म्हणजे विकतचं पीठ आपल्या हातात येण्याआधीच पाण्याला लागलेलं असतं. मत्सासाठी कोरडा राखलेला, कोरडा दळलेला गहू लागतो.

पण ती घरी कशी होत असे हे माहीत असायला हवं. १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेल्या हगादाच्या, म्हणजे सेदरला वाचायच्या पोथीच्या, चित्रांत साडीतल्या बायका जमिनीवर बसून मत्सा करताना दाखवल्यात. आजीचं काम अगदी तसंच चालायचं. राखलेलं पीठ असेल आणि हजानांची देखरेख असेल तर एका वेळी पाव किलोच घ्या. पाणी आदल्या संध्याकाळी भरून रात्रभर झाकून गार ठेवलेलं, साधारण १२० मिली. मीठ नाही, तेल नाही. तवा आधी धूर येईपर्यंत तापलेला हवा. पाणी पिठात पडलं की घड्याळ सुरू.

इथे आपल्या हातांची सवय आड येते. पोळीची कणीक आपण मुरवतो, मत्साची कणीक मुरू द्यायचीच नाही. मळताना थांबायचं नाही, गोळे करून झाकून ठेवायचे नाहीत. एकीने मळायचं, दुसरीने लाटायचं, तिसरीने काट्याने टोचायचं, चौथीने भाजायचं. आजी लाटताना कोणाशी बोलायची नाही. पातळ, कागदासारखी लाटून टोचून तव्यावर, मग थेट आचेवर, मधला भाग कडक वाजेपर्यंत. १८ मिनिटांत जे भाजून झालं नाही ते टाकायचं. हात आणि परात धुऊन मगच दुसरा घाणा.

आठ माणसांना एका सेदरला विकतची साधारण एक किलो मत्सा लागते. उरलेल्या दिवसांना अर्धा-पाऊण किलो पुरते, कारण मधल्या दिवसांत आमच्याकडे पोट भरतं ते तांदळावर.

खजुराचा शिरा

मला सगळ्यात जास्त इथे थांबावंसं वाटतं. हारोसेत, म्हणजे सेदरच्या ताटातलं गोड चाटण, म्हणून जगभरचे यहुदी काय काय करतात. कुठे सफरचंद-अक्रोड, कुठे अंजीर. आपल्याकडे खजुराचा शिरा. रव्याच्या शिऱ्याशी त्याचा संबंध नाही, हा पाक आहे, काळसर, चकचकीत. मिसरमध्ये आपल्या वाडवडिलांनी विटांसाठी तुडवलेल्या चिखलाची ती आठवण. आजी तो ताटलीत घालून वाकडी करायची आणि म्हणायची, ‘बघ, ओल्या मातीसारखा सरकला पाहिजे.’

एक किलो काळा, मऊ खजूर घ्या. सुकी खारीक नको. बिया काढताना प्रत्येक खजूर उघडून आत बघा, अळी असते. धुऊन दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात मध्यम आचेवर पाऊण ते एक तास शिजवा, खजूर पूर्ण विरघळेपर्यंत. कोमट झाल्यावर हाताने कुस्करा. आता जुन्या मलमलच्या, पण पेसाखसाठीच राखलेल्या धुवट फडक्यातून गाळा. आधी नुसतं टांगून अर्धा तास निथळू द्या, मग पिळा. हे काम एकटीचं नाही, फडक्याची दोन टोकं दोघींनी धरून उलट दिशेने पिळायची. पहिल्यांदा पिळून झालं की चोथ्यावर अर्धा लिटर गरम पाणी घालून पुन्हा पिळा. दुसऱ्या पाण्यातही बरीच गोडी असते.

गाळलेलं पाणी गढूळ, चहासारखं दिसेल. ते रुंद तोंडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर आटवत ठेवा. पहिला तासभर फारसं बघायला लागत नाही, वर येणारा फेस तेवढा काढायचा. पुढे आच बारीक करा आणि लाकडी कालथा हातात घ्या. आधी बुडबुडे लहान आणि घाईचे असतात. हळूहळू ते मोठे होतात, सावकाश फुगतात आणि फुटताना ‘फट्’ असा जड आवाज येतो. तो आवाज आला की पातेल्यापासून हलायचं नाही. थंड ताटलीत थेंब टाकून बोटाने रेघ ओढा. रेघ लगेच भरली तर अजून वेळ आहे, दोन-तीन श्वास उघडी राहिली तर आच बंद. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो, म्हणून चमच्यावरून मधासारखा पडत असतानाच उतरवायचा. जास्त आटला तर कडू जळकी चव येते आणि तिच्यावर उपाय नाही. साखर घालायची नाही, गूळही नाही.

किलोभर खजुराचा साधारण अर्धा लिटर शिरा होतो. आठवडाभर आधी करून काचेच्या बरणीत ठेवता येतो. वाढताना वर भाजून भरड कुटलेले बदाम किंवा अक्रोड. सेदरला कडू पाला यात बुडवायचा, पण खरं सांगायचं तर मुलं त्याच्यासाठीच पेसाखची वाट बघतात. पुढचे सगळे दिवस सकाळी मत्साला लावून तोच संपतो, त्यामुळे दोन किलोचा करा.

मनुकांचं शरबत

सेदरला प्रत्येकाला चार पेले प्यायचे असतात. द्राक्षाची कोशेर, म्हणजे आपल्या धर्मनियमांत बसणारी, वाइन मिळत असेल तर उत्तम. आपल्या घरांत किद्दुशसाठी, म्हणजे पेला हातात घेऊन म्हणायच्या आशीर्वादासाठी, पिढ्यान्‌पिढ्या काळ्या मनुकांचं शरबत चालत आलंय आणि मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी मी तेच करते. एक लिटर पाण्याला पाव किलो मनुका. देठं काढून, तीन पाण्यांनी धुऊन, आदल्या रात्री भिजत घाला. सकाळी हाताने कुस्करून गाळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. एप्रिलच्या उकाड्यात बाहेर राहिलं तर संध्याकाळपर्यंत आंबूस होतं. पेला कमीत कमी ८६ मिलीचा धरतात. म्हणजे आठ जणांना चार पेले म्हटले तर तीन लिटर, मनुका पाऊण किलो.

मटण

कोशेर मटण म्हणजे शोहेतने (धर्मनियमाप्रमाणे जनावर कापणाऱ्याने) कापलेलं, आणि आमच्याकडे फक्त पुढच्या भागाचं. मागच्या मांडीतली शीर आणि चरबी काढणं हे कसबी माणसाचं काम आहे. घरी आणल्यावर अर्धा तास पाण्यात, मग सगळ्या बाजूंनी जाडं मीठ लावून तासभर तिरक्या ठेवलेल्या चाळणीत, रक्त खाली निथळेल असं. मग तीनदा धुवायचं. काळीज असेल तर ते असं चालत नाही, ते थेट विस्तवावर भाजावं लागतं. आणि एक नळी वेगळी मागून घ्या, तीही विस्तवावर भाजून सेदरच्या ताटात ठेवायची असते. ती खायची नाही.

मटण आणि दूध आपल्यात एकत्र येत नाही, म्हणून दही-दुधाचा प्रश्नच नाही. आपल्या आज्या-पणज्यांना नारळ हाताशी होता आणि त्यांनी सगळी कमी नारळाच्या दुधाने भरून काढली.

दीड किलो मटणाला: चार मोठे कांदे, पातळ चिरून. दोन जुड्या कोथिंबीर कोवळ्या देठांसकट, मूठभर पुदिना, आठ-दहा हिरव्या मिरच्या, वीस पाकळ्या लसूण, दोन इंच आलं, चमचाभर जिरं, हे सगळं कमीत कमी पाण्यात गंधासारखं वाटून. दोन नारळांचं दूध, पहिलं घट्ट दीड वाटी आणि दुसरं पातळ तीन वाट्या वेगवेगळं. चार बटाटे अर्धे करून. हळद, दालचिनी, चार लवंगा, तीन वेलच्या, पाच चमचे तेल, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ.

तेलात खडा मसाला, मग कांदा. तो गुलाबी झाला की पुरे, तांबूस केला तर हिरवा रंग मरतो. वाटण आणि हळद घालून आठ-दहा मिनिटं परता. कच्च्या कोथिंबिरीचा वास जाऊन कडेने तेल सुटलं पाहिजे, या पायरीवर घाई केली तर रस्सा शेवटपर्यंत कच्चा लागतो. मटण घालून दहा मिनिटं परता, पातळ दूध घाला, झाकण ठेवून मंद आचेवर सव्वा ते दीड तास. कुकरला चार-पाच शिट्ट्या. बटाटे शेवटच्या वीस मिनिटांत. मीठ सगळ्यात शेवटी चाखून, कारण मटणाने ते आधीच घेतलेलं असतं.

घट्ट दूध आणि चिंच सेदरच्या आधी घालू नका. हगादा वाचून होईपर्यंत दीड-दोन तास जातात, तेवढा वेळ आचेवर राहिलं तर नारळाचं दूध फुटतं. मटण तयार करून अगदी बारीक आचेवर ठेवा. सगळे जेवणासाठी हात धुवायला उठले की घट्ट दूध आणि कोळ घाला, ढवळा आणि कडेला पहिली उकळी दिसताच उतरवा. दूध काढायचं आणि पिळायचं काम मात्र सूर्यास्ताच्या आत उरकलेलं हवं.

बाकीचं ताट

मासे जेवणाच्या सुरुवातीला, मटणाच्या ताटलीत नाही, वेगळ्या ताटलीत. खवल्यांचा आणि परांचा मासाच चालतो: रावस, पापलेट. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको. ओल्या नारळाचं धने-मिरची-हळद घालून केलेलं वाटण, चिंच, आणि दहा मिनिटांत कालवण.

कडू पाला म्हणून आम्ही सॅलडचा पाला घेतो. एकेक पान सुटं करून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. मिठाच्या पाण्यात बुडवायला कोथिंबीर किंवा सेलेरी. अंडी माणशी एक, वर एक. कडक उकडून वरचं अंडं विस्तवावर डागायचं आणि ताटात ठेवायचं. साधा भात. बटाट्याची सुकी भाजी, लसणाच्या फोडणीची.

गोड म्हणून ओल्या नारळाची वडी करा, दूध-तुपाशिवाय, दोन वाट्या चवाला सव्वा वाटी साखर. पण ती जेवणाबरोबरच वाढा. सेदरमध्ये शेवटचा घास अफिकोमानचा, म्हणजे लपवून ठेवलेल्या मत्साच्या तुकड्याचा. तो मध्यरात्रीच्या आत खायचा आणि त्यानंतर काही खायचं नाही. वडी विसरली की ती दुसऱ्या दिवसावरच जाते.

आदली रात्र आणि तो दिवस

आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन घरभर हमेत्स शोधायचं. मुलांसाठी पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून लपवतात. कुठे लपवले ते लिहून ठेवा, एक वर्ष आमचा दहावा तुकडा पहाटेपर्यंत सापडत नव्हता. सकाळी ते जाळायचे. त्या दिवशी सेदरपर्यंत मत्साही खायची नाही, म्हणून दुपारी वरण-भात आणि बटाटा.

सकाळी दहापर्यंत मटणाला मीठ लागलेलं असावं. अकराला वाटण, बाराला मटण आचेवर. दोनला अंडी, पाला, मिठाचं पाणी. चारला नारळाचं घट्ट दूध काढून फ्रिजमध्ये. पाचला मासे शिजवून बाजूला. सहा वाजता तुम्ही अंघोळ करून नव्या कपड्यांत हव्यात. हे वेळापत्रक मी कागदावर लिहून फ्रिजला लावते. सणाच्या दिवशी नवा विस्तव पेटवायचा नसतो, असलेल्या आचेवरून घ्यायचा असतो. म्हणून मोठ्या समईत तेल भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी शेगडी तिच्यावरून लागते. सण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला, लागून आला तर त्याचे नियम वेगळे, ते आधीच हजानांना विचारून ठेवा.

मधले दिवस

सकाळी तांदळाच्या पिठाचे घावन आणि नारळाच्या दुधात कालवलेला गुळाचा रस, किंवा मत्सा आणि शिरा. दुपारी भाकरी: वाटीभर पाणी उकळून मीठ घालून वाटीभर पीठ टाका, ढवळून झाका, पाच मिनिटांनी गरम असतानाच हाताला पाणी लावत मळा. आच मोठी, वरून पाणी फिरवा, पाणी सुकायच्या आत उलटा. मत्साचा चुरा उरतो तो अंड्यात भिजवून, कांदा-मिरची-कोथिंबीर घालून तव्यावर थापा. ही आमच्या घरची मुलांची आवडती डिश.

आठवा दिवस संपून तारे दिसले की पेसाखची भांडी धुऊन, दुसऱ्या दिवशी उन्हात कोरडी करून, जुन्या चादरीत बांधून माळ्यावर. गाठीवर चिठ्ठी. आणि त्याआधी, ओटा आवरताना, एका वहीत लिहून ठेवा: किती नारळ लागले, मटण उरलं की कमी पडलं, शरबत किती फेकलं, कोण जेवायला होतं. माझ्या आईची ती वही माझ्याकडे आहे. १९८६ च्या पानावर तिने फक्त एक ओळ लिहिली आहे: ‘शिरा कमी पडला, पुढच्या वर्षी अर्धा किलो खजूर जास्त.’